थोरल्याची हद्द

दिवाळी होऊन आठ दिवस झाले नाहीत तोच रानानं दुसरं जनावर नेलं. पहिलं वासरू गेलं तेव्हा गावानं नुसती कुरकुर केली होती. या खेपेला गेली ती अंबाबाईची कालवड, दीड वर्षाची, दोन-चार महिन्यांत माजावर आली असती. सूर्य डोंगराला टेकायच्या आत धर्माजी गुरं खाली आणायचा आणि वहाळाच्या उतारावर उभा राहून एकेक मोजून पुढं सोडायचा. सदतीस पाहिजेत, भरली छत्तीस. त्यानं पुन्हा मोजायला घेतली, पण गुरांना घरची ओढ. ती त्याच्या दोन्ही अंगांनी धुरळा उडवत निघून गेली आणि धर्माजी हातात काठी घेऊन एकटाच उतारावर राहिला.

आता धर्माजी म्हणजे काही कालचा गुराखी नव्हे. पन्नाशी उलटलेला, काटक, एका कानानं जरा कमी ऐकणारा माणूस. कोंडाण्याच्या लेण्यांच्या अलीकडच्या त्या गावात बौद्धांची अकरा घरं, त्यातलं डोंगराकडचं शेवटचं त्याचं. मूलबाळ जगलं नाही. घरात तो आणि भीमाबाई. छप्पन साली अकराही घरांनी दीक्षा घेतली आणि गावाला तोंडावर सांगितलं, की इथून पुढं तुमची मेलेली ढोरं आम्ही ओढणार नाही. गावाला ते झोंबलं. गावानं खळ्यावरचं भात बंद केलं, मजुरी बंद केली, पाण्यालाही आडकाठी केली. बायांनी तो उन्हाळा नदीतल्या डबक्याचं पाणी फडक्यानं गाळून काढला. पण एक घर वाकलं नाही. शेवटी गावालाच शिकावं लागलं, आपलं मढं आपल्या हातानं खड्ड्यात लोटायला.

पुढं दोन वर्षांनी धर्माजीला गावाची गुरं मिळाली ती काही कुणाला दया आली म्हणून नाही. रान त्याच्याइतकं कुणाला ठाऊकच नव्हतं. लहानपणापासून तो बापाबरोबर मेलेली ढोरं ओढून वर हाडकीत न्यायचा. हाडकी म्हणजे वहाळापलीकडचा ऐनाच्या झाडांखालचा सपाट तुकडा, जिथं पिढ्यान् पिढ्या ढोरं टाकली. तिथं वाघरू यायचं. ढाण्या नव्हे, बिबळ्या. पण आमच्याकडं त्याला वाघरूच म्हणतात. धर्माजीनं वाघरांच्या दोन पिढ्या बघितल्या होत्या. ती कुठून येतात, कुठं बसतात, कुठल्या झाडाला नखं मारतात, वाटेवर मागच्या पायांनी कुठं माती उकरून ठेवतात, हे त्याला गावातल्या लोकांच्या घरांसारखं पाठ होतं.

आणि या डोंगरावर आज अकरा वर्षं एकाच नराचा अंमल होता. धर्माजी त्याला थोरला म्हणायचा. पुढच्या डाव्या पायाचं एक बोट नसलेला, मानेला भरलेला नर. लेण्यांच्या घळीपासून वहाळापर्यंत त्याची हद्द. दोन-तीन दिवसांनी एकदा तो ती सगळी फिरायचा आणि हाडकीतल्या जुन्या ऐनावर मुतून जायचा. त्याचा वास कसा, तर शेजारच्या घरी आंबेमोहोर शिजावा तसा. नवखा माणूस तिथं उभा राहून भाताचं आधण शोधत बसेल. पण दुसऱ्या नराला तो वास आला की त्यानं पाय मागं घ्यायचा. घळीत एक मादी होती, औंदा तिला दोन पिल्लं होती, तीही थोरल्याच्या हद्दीत होती म्हणूनच सुखानं वाढत होती. थोरला भेकरं मारी, डुकराची पिल्लं मारी, फार तर एखादं कुत्रं. धर्माजीच्या गुरांना त्यानं इतक्या वर्षांत दोनदा हात लावला असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी धर्माजीला कालवड सापडली ती वरच्या कड्याच्या अंगाला. गिधाडांनी तोवर नुसता सांगाडा ठेवला होता. त्यानं खाली बसून माती बघितली. पाऊल लहान, कडा तासल्यासारख्या, आणि डाव्या पायाची चारही बोटं जागच्या जागी. तरणा नर, परमुलुखातनं आलेला. थोरल्याच्या हद्दीच्या काठाकाठानं चोरासारखा फिरत होता आणि भर दुपारी, थोरला झोपेत असताना, मिळेल ते उचलत होता. धर्माजीला हायसं वाटलं. त्याला वाटलं, हे सांगितलं की गावाला समजेल. कधीकधी शहाण्या माणसालाही असा वेडेपणा सुचतो.

येसाजी पाटलाच्या अंगणात दहा-बारा माणसं जमली होती. अंबाबाई खांबाला टेकून पदर डोळ्यांना लावून बसली होती. धर्माजीला कुणी बस म्हणालं नाही. त्यानं उभ्यानंच सगळं सांगितलं: पाऊल कुणाचं, थोरला का नव्हे, थोरला आहे तोवर हा तरणा फार दिवस टिकणार नाही, महिन्याभरात मार खाऊन तरी जाईल नाहीतर मरेल. लोकांनी ऐकून घेतलं, एकमेकांकडं बघितलं, आणि पाटलाचा पोरगा पोपट हसला. म्हणाला, धर्माजीनं वाघरांची नावनिशीवार यादीच करून ठेवली आहे, आता त्यांना साक्षीला बोलवा. मग सगळेच हसले.

येसाजी पाटील तसा आवाज चढवणारा माणूस नव्हता. तंबाखू मळत मळत त्यानं निवाडा दिला. दोन जनावरं गेली. तिसरं गेलं तर गुरं दुसऱ्याकडं. खळ्याला दीड महिना उरलाय, वर्षाचं भात तोवर गुरं ज्याच्याकडं असतील त्याला मिळेल. आणि तोड काढायची असेल तर सोपी आहे. पोपटानं कर्जतहून शेतावर मारायचं जहरी औषध आणलंय. कालच गोठ्यात रेडकू मेलंय. त्याच्या मांडीत औषध भरायचं आणि वाघरू जिथं हमखास येतं तिथं टाकायचं. ती जागा एकट्या धर्माजीला ठाऊक. बैल काही तिथं पाय टाकत नाहीत, वास आला की फुरफुरतात. तेव्हा रेडकू माणसानंच ओढून न्यायला हवं.

धर्माजी म्हणाला, "पाटील, मढं आमी वढत न्हाय. गावाला ठावं हाय."

"कोण तुला रीत म्हणून सांगतोय? येकदाच. तुज्याच गुरांसाठी. नको तर नको, रं. मी काय जबरी करतोय?"

खरंच तो जबरी करत नव्हता. तेच तर वाईट होतं.

घरी आल्यावर धर्माजीनं भीमाबाईला सगळं सांगितलं. ती उखळात भात कांडत होती. मुसळ थांबलं नाही. तो म्हणाला, थोरला मरेल, तो निरपराध आहे हे मला कळतंय. पण गावाला एक मेलेलं वाघरू दाखवलं की त्यांची तोंडं बंद होतील, खळं पदरात पडेल, पुढचं पुढं बघू. तरण्याला काय, तो हुसकून लावू. तो बोलतच राहिला. एका सुपाएवढा भात कांडून झाला तेव्हा भीमाबाई बोलली.

"त्या उनाळ्यात मी चार कोसावरच्या नदीतनं पानी आणलं. माज्या पायाच्या भेगा अजून भरल्या न्हाईत. कुणासाठी आणलं ते?"

"भीमे, गुरं गेली तर खानार काय?"

"ते मला नका इचारू. वढायचं तर वढा. मला इचारून वढू नका."

तो रात्रभर कूस बदलत राहिला. सकाळी उठला, पाटलाच्या गोठ्यामागं गेला आणि रेडकाच्या मागच्या दोन पायांना फास घातला.

भर उन्हाचं ओढणं ते. भातं कापून झाली होती, खाचरांत धसकटं उभी होती, आणि रेडकाचं अंग त्यांच्यावरून खरखरत येत होतं. नऊ वर्षांत धर्माजीचे खांदे ते ओझं विसरले असतील असं त्याला वाटलं होतं. पण अंग काही विसरत नाही. कंबर कुठं वाकवायची, बांध आला की मढं कसं आडवं करून चढवायचं, माश्या तोंडावर आल्या की हात न लावता फुंकर कशी मारायची, सगळं आपोआप होत गेलं. त्याचंच त्याला जास्त वाईट वाटलं. बांधाबांधावर माणसं कामं टाकून बघत उभी होती. कुणी टिंगल केली नाही. एक म्हातारा तर मायेनं म्हणाला, जपून रं धर्मा, उतार हाय. तो स्वर धर्माजीनं बापाच्या वेळी ऐकला होता.

वहाळ ओलांडताना रेडकाचं पोट फुटलं. हाडकीत पोचेपर्यंत त्याच्या धोतराची लक्तरं झाली होती आणि हाताची साल गेली होती. जुन्या ऐनाखाली ताजी उकर होती, भाताचा तो वास होता. थोरला कालच येऊन गेला होता. धर्माजीनं मांडी चिरली, बाटली ओतली, चिंधीनं हात पुसला आणि चिंधी तिथंच पुरली. निघताना त्यानं ऐनाकडं बघितलंसुद्धा नाही.

थोरला तिसऱ्या दिवशी वहाळात सापडला. त्या औषधानं तहान लागते म्हणतात. तोंड पाण्यात होतं, मागचे पाय काठावर ताठ झालेले. पोपटानं चार माणसं लावून त्याला बांबूला टांगून आणला आणि पाटलाच्या अंगणात टाकला. पोरं शेपटी ओढत होती, बाया लांबून हात जोडत होत्या. पोपट त्याच्या पाठीवर पाय देऊन उभा राहिला. धर्माजीनं जवळ जाऊन डावा पंजा उचलला आणि पुन्हा खाली ठेवला. त्याला आतून इतकी लाज वाटली, की कुणीतरी आपल्याला दोन थोबाडीत द्याव्यात असं झालं. पण लोक त्याच्यावर खूष होते. पाटलानं सगळ्यांसमोर सांगितलं, गुरं धर्माकडंच राहतील. अंबाबाईनं त्याला गुळाचा खडा दिला.

पुढं आठ दिवस रान गप्प होतं. धर्माजी रोज हाडकीवरून जायचा आणि ऐन हुंगायचा. वास विरत विरत गेला. दहाव्या दिवशी त्याच जागी दुसरी उकर दिसली, उथळ आणि घाईची, आणि खोडावर नवी नखं, थोरल्याच्या नखांपेक्षा वीतभर खाली. तरणा आत आला होता. आणि चार दिवसांनी वहाळाच्या खालच्या अंगाला धर्माजीला आणखी एक पाऊल दिसलं, पसरट, जड. वहाळापलीकडचा नर. इतकी वर्षं जो थोरल्याच्या वासाला मान देऊन पलीकडं थांबत होता, तोही पाणी ओलांडून आला होता.

मग रानाचं रानपण गेलं. करवतीनं ओंडका कापावा तसा वाघरांचा आवाज दिवसाढवळ्या यायला लागला. एक कड्यावरून घासायचा, की दुसरा वहाळातनं उत्तर द्यायचा. गुरं चरता चरता मान वर करून उभी राहायची, कान टवकारायची आणि खाली पळत सुटायची. ज्याच्या ताब्यात आपली जागा नाही त्याला पोटाची शिकार निवांत कुठून जमणार? दोघेही हाताला येईल ते मारत सुटले. अर्धं खायचे, अर्धं टाकायचे, कारण दुसऱ्याचा आवाज आला की उठून धावायचे. सात दिवसांत तीन गुरं गेली. तिसरं धर्माजीनं स्वतःच्या डोळ्यांनी जाताना बघितलं. पन्नास पावलांवर तरण्यानं वासराचा गळा धरला होता. धर्माजी काठी आपटत, बोंब मारत धावला, तर तरण्यानं नुसते डोळे वर करून बघितलं आणि वासरू सोडलं नाही. थोरला माणूस दिसला की वाट सोडायचा. याला अजून कुणी काही शिकवलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी करवंदीच्या जाळीखाली त्याला मादीची पिल्लं सापडली. दोन्ही. मान चावून मारलेली, खाल्लेली नव्हती. नव्या नराला जुन्याची पिल्लं चालत नाहीत, हे धर्माजीला बापानं सांगितलं होतं, बघितलं आज. मादी पलीकडं कुठंतरी होती, तिचा बारीक घोगरा आवाज येत होता, थांबत होता, पुन्हा येत होता. धर्माजीला कळून चुकलं, की आपण नुसतं एक वाघरू मारलं नाही, डोंगराची सगळी घडी विस्कटली. हे कुणाला सांगायची सोय नव्हती. पाटलाच्या अंगणात सांगितलं असतं तर पोपट पुन्हा हसला असता.

पण पोपटाचं हसू त्याच आठवड्यात आटलं. त्याचा जुवाचा बैल वाघरानं खाचरातच मारला, गावापासून हाकेच्या अंतरावर. आणखी दोन गाई दुसऱ्याच दिवशी गोठ्याच्या मागं पडल्या. गाव हादरलं. आणि अशा वेळी गावाला पहिलं काय आठवलं असेल? अकरा घरं आठवली.

धर्माजीचा पुतण्या कमळाकर कर्जतला रेल्वेच्या गँगमध्ये कामाला होता. सडपातळ, चष्मेवाला, तोडून बोलणारा. शनिवारी संध्याकाळी तो पायी घरी येत असताना खाचराच्या वाटेवर पोपटानं आणि दोघातिघांनी त्याला अडवलं. बैल दोन दिवस पडलाय, वास सुटलाय, वस्तीतली चार माणसं घेऊन ये आणि हाडकीत ओढून टाक, असं सांगितलं. कमळाकर म्हणाला, आमचं ते काम नाही. पोपट म्हणाला, तुझ्या काकाचं आहे, मग तुझं कसं नाही? कमळाकरनं त्याच्या बाजूनं पुढं जायचा प्रयत्न केला, तेव्हा त्याला ढकलून बैलावर पाडला. चष्मा फुटला. उठायला गेला तसा पुन्हा पाडला. तसाच बरबटलेल्या कपड्यांनी तो वस्तीत आला, आणि आला तो सरळ धर्माजीच्या दारात. भीमाबाईनं त्याच्या अंगावर पाणी ओतलं. पाच घागरी ओतल्या तरी वास जाईना. तो धर्माजीला एक अक्षर बोलला नाही, त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

रविवारी सकाळी अकरा घरांची माणसं विहाराच्या ओसरीवर बसली. विहार म्हणजे कुडाची एक खोली, आत बुद्धाची लहान मूर्ती आणि बाबासाहेबांची तसबीर. पाटलाचा निरोप येऊन पडला होता: बैल आणि दोन गाई आज ओढा, औषध टाकायचंय; ओढलीत तर गुरं धर्माकडंच, खळ्याचं भातही देऊ, आणि नाही ओढलीत तर छप्पन साल आठवा. कुणी म्हणालं, पोलिसात जाऊ. कुणी म्हणालं, जाऊन कुणाचं भलं झालंय? पुन्हा त्या डबक्याच्या पाण्याचं चित्र प्रत्येक बाईच्या डोळ्यांसमोर असणार.

धर्माजी उठून उभा राहिला.

"मला वाळीत टाका," तो म्हणाला. "गावाला सांगा, धर्माजी आमचा न्हाय. त्यानं वढलं ते त्याच्यापाशी. आमी दहा घरं वढत न्हाय. म्हंजे तुमचं वचन तुटनार न्हाय."

सगळ्यांनी कमळाकरकडं बघितलं. त्याच्या डोळ्याखाली काळंनिळं झालं होतं, आणि चष्मा नसल्यामुळं तो कुणाकडं बघतोय ते समजत नव्हतं.

"वाळीत टाकनं बी आपन सोडलं, काका," तो हळू म्हणाला. "वढनं सोडलं त्याच दिवशी. तुमी आमचेच हाय. तेच तर अवघड हाय."

धर्माजी पायरीवर बसला आणि लहान पोरासारखा रडला. कुणी त्याला गप्प केलं नाही, आणि कुणी उठूनही गेलं नाही.

त्या दिवशी वस्तीतलं कुणी ओढायला गेलं नाही. सोमवारी धर्माजीनं भीमाबाईला सांगितलं, की खालापूरच्या अंगाला तुझी बहीण आहे, वीटभट्टीवर माणसं लागतात, आपण जाऊ. ज्यानं ओढलं तोच इथं नसला, तर वस्तीला बोट दाखवायला माणूस उरणार नाही. भीमाबाईनं विचारलं, "आन् खळं? आजून पंधरा दिस काढले असते तर वरसाचं भात व्हतं." तो म्हणाला, गुरं राखायचीत तर मढी ओढायला लागतात, आणि मढी मी ओढत नाही. भीमाबाईनं उतरंड खाली घेतली आणि मडकी फडक्यात बांधायला लागली.

मंगळवारी सकाळी गुरं सोडायच्या वेळी ते निघाले, कारण त्या वेळी पुरुषमाणसं शेणामुताच्या कामात असतात. कमळाकर वेशीपर्यंत आला आणि तिथून कर्जतच्या वाटेला लागला, त्याला आठाची पाळी होती. गावात गोठ्यागोठ्यांतनं गुरं मोकळी झाली. गुराखी आता कोण, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. ती रोजच्यासारखी वेशीवर येऊन उभी राहिली. धर्माजी डोक्यावर गाठोडं घेऊन त्यांच्यामधून गेला आणि वहाळाकडं न वळता खालच्या रस्त्याला लागला. अंबाबाईची म्हातारी गाय आधी वळली. तिच्या मागं दुसरी. मग उरलेली एकोणतीसही वळली, घंटा वाजवत, पांगत, धर्माजीच्या मागून निघाली.

त्यानं ओरडून त्यांना परत जा म्हणून सांगितलं. पण सात वर्षांत गुरांनी त्याचा आवाज चालायला लागण्यासाठीच ऐकला होता. ती जास्तच भराभर आली. त्यानं काठी उगारली, तर गाय थांबली आणि काठीखाली मान खाजवायला आली. मागं गावात कुणीतरी हाका मारत होतं, गुरं कुठं चाललीत म्हणून विचारत होतं. धर्माजीनं गाठोडं खाली ठेवलं. वाकून एक दगड उचलला. यातल्या एकाही जनावराला त्यानं कधी दगड मारला नव्हता. पहिला त्यानं मुद्दाम बाजूला टाकला, गुरं हलली नाहीत. दुसरा म्हाताऱ्या गाईच्या खांद्यावर बसला. ती दचकली, दोन पावलं मागं सरली, आणि पुन्हा त्याच्याकडं बघत तिथंच उभी राहिली.

"जा की गं," तो म्हणाला, आणि त्याचा हात वर गेला तो खालीच येईना.

भीमाबाई दहा पावलं पुढं गेली होती. ती मागं आली. तिनं डोक्यावरची मडकी रस्त्याच्या कडेला उतरवली, पदर खोचला आणि दगड उचलला.